वाऱ्याचं गाऱ्हाणं

गाऱ्हाण्यात 'नाही' म्हणायची सोय नाही. ज्याने कोणी ही पद्धत पाडली त्याने पुष्कळ विचार करून पाडली असणार. एकाने देवापुढे उभं राहून वरच्या पट्टीत मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पटलं तरी व्हय, नाही पटलं तरी व्हय. मध्येच कोणी 'थांबा, मला जरा यावर बोलायचंय' म्हटल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. आम्ही बायका तर दाराशी उभ्या असतो. आमच्या तोंडून व्हय आलं काय नि न आलं काय, शिरा खाली लागला नाही म्हणजे झालं.

आमच्या माणसुळे ग्रामस्थ मंडळाची खोली लालबागला आहे. मिल चालू होत्या तेव्हा या एका खोलीत गावातले वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे. भिंतीशी ज्याची त्याची ट्रंक, वर दोरीवर ज्याचा त्याचा टॉवेल. वर्षातून एकदा, सव्वीस जानेवारीला, तिथे सत्यनारायण व्हायचा. अजून होतो. सव्वीस जानेवारी का, तर सगळ्यांना सुट्टी असते. देवाची तिथी आम्ही सरकारच्या सोयीने ठरवली, आणि देवाने आजवर तक्रार केलेली नाही. पूजा आटोपली की गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं, ते माझा थोरला भाऊ, मंडळाचा अध्यक्ष जयवंत, घालायचा. दादाचा आवाज असा, की खालच्या गल्लीतून जाणारा माणूस थांबून वर बघायचा.

ब्याऐंशी सालचा संप सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हाची पूजा मला स्वच्छ आठवते. मी तेव्हा म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते. दादा लूमवर होता, धाकटा रघू त्याच मिलमध्ये, त्याच खात्यात. मालकांनी गेटवर नोटीस लावली होती, की मागितलेली पगारवाढ मिलला परवडत नाही. दादाने ती नोटीस गाऱ्हाण्यातच घेतली.

"बा देवा रवळनाथा, माणसुळ्याच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरां आज गेटाभायर हत. तेंका एकजुटीन रवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खोलयेतलो जो कोण पाठ फिरवून आत जायत, तेका तूच बघून घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी खोली ओरडली. त्यात रघू होता आणि त्याच्याशेजारी त्याचा दोस्त तुळशीदास होता. पुढच्या वर्षी मिल थोडीथोडी चालू झाली. खात्याचा मास्तर जुन्या कामगारांना निरोप पाठवायला लागला, तेव्हा या दोघांनाही बोलावणं आलं. रघूची बायको शेवंता तेव्हा पोटुशी होती. घरात डाळ शिजायची तीसुद्धा शेजाऱ्यांच्या मेहेरबानीने. रघू दोन दिवस अंथरुणावर पालथा पडून राहिला, आणि गेला नाही. देवापुढे व्हय म्हटलं होतं ना! तुळशीदासही गेला नाही. बाकीच्या खोल्यांमधले गेले, आमच्या खोलीतला एकही गेला नाही. लालबागमध्ये दादाचं नाव झालं. नावावर भाकरी मिळत असती तर आमच्या घरी टोपली भरून उरली असती.

पुढचं सगळ्या गिरणगावाचं झालं तेच आमचं झालं. दादा गिरगावात एका छापखान्यात कागदाची रिमं उचलायला लागला. तुळशीदासाने चिंचपोकळी स्टेशनबाहेर कांदे-बटाटे विकले, मग वॉचमनचा गणवेश चढवला. रघू बायकोला घेऊन गावी गेला. तिथे त्याच्या वाट्याला आला तो सड्याचा तुकडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. त्या कातळाच्या भेगांत त्याने काजूची कलमं लावली. शेवंता खालून टोपलीतून माती वाहायची आणि वाडीच्या झरीवरून कळशीने पाणी न्यायची. पहिल्या मुलाला तिने टोपलीत निजवून सड्यावर वाढवलं. झाडं धरायला आठ-दहा वर्षं गेली, पण धरली. मला दर मे महिन्यात एस.टी.ने काजूगर यायचे. रघू दोन हजार एक साली काविळीने गेला. जाईपर्यंत तो दादाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, कारण मग दादा भांडला असता आणि मोकळा झाला असता.

वहिनी गेल्यापासून दादा माझ्याकडे भोईवाड्यात राहायचा. संपाबद्दल बाहेर तो छाती काढून बोले. घरात मात्र एकदा, चहाच्या कपाकडे बघत, मला म्हणाला, "दमू, माझ्या शब्दार इतकी माणसां रवली आणि मातयेक मिळाली. एकदा, मरूच्या आदी एकदा तरी, माझ्या शब्दान कोणाचा भला होवक व्हया." शाळेत मुलांना मी उत्तरं देत असे. घरी कोणी प्रश्नच विचारला नव्हता.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर मंडळाच्या खोलीत सुमेधा नावाची मुलगी आली. दादरची, चांगली शिकलेली, कानात बारीक मोती. आमची मिल पाडून तिथे काचेचा टॉवर झाला होता आणि मिलच्या मालकांनी त्यात नवीन कंपनी काढली होती, पवनचक्क्यांची. ही त्या कंपनीत नोकरीला. त्यांना आमचा सडा हवा होता. सड्याचा सातबारा सामाईक, त्यावर नावांची जत्रा, आणि ती सगळी नावं मुंबईत. म्हणून ती गावाला न जाता लालबागला आली. मिलच्या मालकाची माणसं आपल्या ट्रंकेवर येऊन बसली, हे बघून दादाचा चेहरा असा उजळला की मला त्याचा रागही आला आणि कणवही आली.

मुलगी खोटं बोलली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात एखादा लबाड माणूस सापडला असता तर शिव्या घालायला बरं पडलं असतं.

"काका, युरोपातल्या कारखान्यांना आता धुराचे पैसे मोजावे लागतात," ती म्हणाली. "किती टन धूर सोडायचा याची मर्यादा आहे. ती ओलांडायची असेल तर दुसरीकडे कोणीतरी तेवढा धूर वाचवलेला असला पाहिजे, आणि तो वाचवलेला धूर त्यांनी विकत घ्यायचा. आपल्याकडे पवनचक्की लागली की तेवढी वीज कोळशावाचून होते. तेवढा धूर वाचला, असं धरतात. त्याचा टनाला भाव मिळतो. सध्या तिकडे भाव चांगला आहे."

"म्हणजे जो धूर झालाच नाही, तो विकायचा?" मी विचारलं.

"हो मावशी, तसंच."

तुळशीदास हसला. "जयवंतानू, आमी इतकी वर्सां मिलची धूळ फुकट खाल्ली. कोणी वजन करून घेतल्यान नाय."

"पण वारा तर फुकटचा आहे," मी म्हटलं. "विजेला गिऱ्हाईक आहे. मग त्या धुराच्या भावाची एवढी गरज काय?"

"वारा फुकट आहे, पण चक्की नाही," सुमेधा म्हणाली. "पाती, खांब, डोंगरावर न्यायला रस्ता, सगळं महाग. कोकणात पावसाळ्यात वारा भरपूर आणि नंतर बेताचा. नुसत्या विजेवर हा प्रकल्प परवडत नाही. आम्हाला तसं लिहूनच द्यावं लागतं, की हे पैसे मिळाले नाहीत तर आम्ही चक्क्या उभारणार नाही. तरच तिकडचे लोक पैसे देतात. आणि ते पैसे येणार म्हणून बँक कर्ज देते."

परवडत नाही. गेटावरच्या नोटिशीतले शब्द मी पंचवीस वर्षांनी पुन्हा ऐकले, आणि या वेळी ते आमच्या भल्यासाठी आले होते म्हणे.

"आणि तिकडचा भाव पडला तर?"

तिने कानातला मोती फिरवला. "सहसा पडणार नाही. आणि पडलाच तर तो धोका कंपनीचा, तुमचा नाही."

मला आणखी विचारायचं होतं, पण दादाने हात वर केला. त्याने विचारलं ते एवढंच, की गावाला काय मिळेल. सड्याचं भाडं, वाडीपर्यंत रस्ता, पोरांना राखणीची कामं. ऐकता ऐकता तो ताठ बसला. मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, की माणसुळ्यात रस्ता गेलाय, पोरं मुंबईला न येता घरी झोपतायत, आणि लोक म्हणतायत, हे जयवंताच्या शब्दाने झालं. त्या क्षणी त्याच्याजवळ पवनचक्कीला जागा मागितली असती तर ती त्याने स्वतःच्या डोक्यावर उभी करून घेतली असती.

घरी येताना मी म्हटलं, "दादा, सड्यावर शेवंताची झाडं आहेत. तिला विचार."

"तिका काय इचारूचा? रघूच्या वाट्याचा मीच बघतंय." खरंच होतं. रघूच्या पश्चात सातबाऱ्यावर शेवंताचं नाव लागलंच नव्हतं. लावतो लावतो म्हणत दादाने लावलं नव्हतं. वाईट हेतूने नाही. थोरला भाऊ आहे ना, मग तिचं नाव कशाला, इतकं साधं. "आणि दोन-चार झाडां गेली तर नवी लावू. भरपाई मिळतली."

"दोन-चार?"

"तू शाळा आमच्या घरात भरव नको," तो म्हणाला.

सव्वीस जानेवारीला त्याने गाऱ्हाणं घातलं. खोली भरली होती. विरार-डोंबिवलीला गेलेले सगळे आले होते, काहींची जाणती पोरंही. पोरांना गाऱ्हाण्याची मजा वाटत होती. ती आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती.

"बा देवा रवळनाथा! तुझ्या सड्यार वाऱ्याचे पंखे येतले हत!"

"व्हय म्हाराजा!"

"ते सुखरूप उभे रवांदेत! गावाक बरे दिवस येवंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्यात जो कोण आडवो येयत, तेका तूच सुबुद्दी दी!"

"व्हय म्हाराजा!"

झालं. सभा नाही, चर्चा नाही, मत नाही. तुळशीदासाला ही योजना काडीची पटलेली नव्हती, आदल्या आठवड्यात तो मला तसं बोलला होता. मी दारातून बघितलं, तोही व्हय म्हणाला. नंतर सह्यांचे कागद आले तेव्हा कोणी हुज्जत घातली नाही. देवाला हो म्हणून झाल्यावर कंपनीला नाही कसं म्हणायचं? शेवंताच्या वाट्याची सही दादाने केली.

परदेशातल्या मंजुऱ्यांना दोन-तीन वर्षं गेली. अकरा साली एका दुपारी शेवंताचा फोन आला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते. त्या दिवशी हळू बोलली.

"वन्सं, सड्यार मशीन इला हा. काजी तोडतत."

"कोणत्या?"

"सगळ्यो."

मागे करवतीचा आवाज येत होता. मी काहीतरी बोलत राहिले. आपण अशा वेळी जे बोलतो ते, भरपाई, दादाला सांगते, वगैरे.

"माका कोणी इचारल्यान नाय," ती म्हणाली. तेवढं बोलून तिने फोन ठेवला.

मी दादाला सांगितलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "रस्तो त्या काजींतसूनच जाता," तो म्हणाला. म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं. "चक्क्यो उभ्यो रवल्यो की तीच माका धन्यवाद देतली." मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. त्याने स्वतः वाढून घेतलं आणि पुरतं जेवलाही नाही.

मे महिन्यात मी गावी गेले. काजू जिथे होत्या तिथून लाल रस्ता चढत गेला होता. माथ्यावर सुरुंग लावून कातळ फोडला होता आणि चक्क्यांच्या पायासाठी घराएवढे खड्डे खणले होते. एकातून लोखंडी सळया वर आलेल्या, बाकीचे रिकामे. सड्याखालची झरी मातीने बुजली होती. सुरुंगांनी तिची वाट कुठे वळली ते कोणाला सांगता येईना. मुळात पाणी थोडंच, ते वाडीला पुरायचं. आता बायका दुसऱ्या वाडीवरून पाणी आणत होत्या. शेवंताने मला चहा दिला. तो दुसऱ्या वाडीच्या पाण्याचा होता, म्हणून मी अर्धा ठेवू शकले नाही. काजूगरांचा विषय मी काढला नाही.

पावसाळा गेला, चक्क्या आल्या नाहीत. पुढचाही पावसाळा गेला. रखवालीला लावलेल्या पोरांना घरी पाठवलं. सुमेधा फोन घेईनाशी झाली. बारा सालच्या दिवाळीनंतर दादा म्हणाला, चल, आपण जाऊन विचारू. इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला.

टॉवरच्या गेटावर तुळशीदास होता. मिलचं गेट होतं तीच जागा. फक्त कमान गेली आणि बॅरिअर आलं. तो तिथेच वॉचमन आहे हे आम्हाला माहीत होतं, पण त्याच्यासमोर असं जाऊन उभं राहण्याची वेळ आली नव्हती. दोघंही क्षणभर चुळबुळले.

"कोणाक भेटूचा?" तुळशीदासाने विचारलं. विचारायला लागतं. वर कॅमेरा होता.

"मालकाक," दादा म्हणाला.

"मालक हयसर कधी येवक नाय, अध्यक्षानू. कंपनीचा नाव सांगा."

त्याने आम्हाला आत सोडलं. जाताना मागून हळूच म्हणाला, "तुमच्याबरोबर मीव भायर रवलंय. आता मीच दार उघडतंय." त्यात टोमणा किती आणि दुःख किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

सुमेधा खाली लॉबीतच आली. वर नेलं नाही. ती बारीक झाली होती, कानातले मोती तेच होते. तिने आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी मागवलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"काका, प्रकल्प थांबवलाय. तिकडे युरोपात मंदी आली. कारखाने मंदावले, तर धूरच कमी झाला. धूर कमी, मग वाचवलेला धूर विकत कोण घेणार? आणि विकणारे आपल्यासारखे ढीगभर. भाव पार कोसळला. तुमच्याकडे मी आले तेव्हा टनाला हजार रुपयांच्या आसपास मिळायचे. आज दोन-तीन वडापावांचे पैसे येतात. त्यात इकडची करसवलतही गेली. बँकेने पुढचं कर्ज अडवलं."

दादाने विचारलं, "वारो तर वाजताच हा ना?"

"हो काका. वारा आहे. भाव नाही."

"वीज तर सगळ्यांका होयी हा."

"हवी आहे. पण आम्ही सुरुवातीलाच लिहून दिलं होतं, की त्या पैशाशिवाय परवडत नाही. आता ते पैसे नाहीत, म्हणजे..." तिने वाक्य पुरं केलं नाही. आम्ही दोघांनी ते आमच्या मनात पुरं केलं. आम्हाला ते पाठ होतं.

"मग आमचो सडो परत देवा," दादा म्हणाला.

ती खाली बघायला लागली. "करार मोठ्या मुदतीचा आहे, काका. कंपनी तो सोडत नाहीये. पुढेमागे भाव वर आला तर जागा हातात असावी, असं त्यांचं म्हणणं आहे."

"आणि भाडं?" मी विचारलं.

"चक्की फिरायला लागल्यावर भाडं, असं करारात आहे."

धोका कंपनीचा, असं ती म्हणाली होती. कंपनीने धोका ओळखला आणि बाजूला झाली. खड्डे आमच्याकडे राहिले, आणि खड्डे बुजवायचा हक्कही कंपनीकडे राहिला. मला इतका संताप आला की मी उभीच राहिले. कोणावर ओरडावं ते कळेना. समोर पोरगी रडवेली झालेली. मागे काचेतून तुळशीदास बॅरिअर वर करत होता, खाली करत होता.

"हो भाव ठरवता कोण?" दादाने विचारलं. आवाज अगदी शांत.

"कोणी एक माणूस नाही ठरवत, काका. बाजार ठरवतो."

"आमच्या येळाक मालक तरी होतो," दादा म्हणाला. "गेटार उभा रवून तेका शिव्या घालूक येयत. तुजो काय दोष नाय, बाय. तू पाणी पी." आणि आपला भरलेला ग्लास त्याने तिच्याकडे सरकवला.

त्यानंतर दादा बोलायचाच कमी झाला. लालबागला जाणं टाळायला लागला. गावच्या बायका कुठून पाणी आणतात हे फोनवर कोणी ना कोणी त्याला सांगायचंच. वाडीतली माणसं त्याला सरळ काही म्हणत नसत. 'जयवंताचा सडा' म्हणत. त्याला हवं होतं तसंच नाव पडलं.

सव्वीस जानेवारी आली. मला वाटलं, तो पूजेला जाणार नाही. पण सकाळी त्याने धोतर काढलं, स्वतः दाढी केली. म्हणाला, "औंदा गाऱ्हाण्यात मी माफी मागतलंय. सगळ्यांची. देवाची." मला हायसं वाटलं. माफीलाही सगळी खोली व्हय म्हणेल आणि हा माणूस पुन्हा जेवायला लागेल, असा माझा हिशोब. मीही शेवटी त्याच घरातली.

आम्ही पोचलो तर खोलीत शेवंता बसली होती.

ती गाव सोडून कधी आली नव्हती. रघूबरोबर गेली ती गेलीच. रात्रीच्या गाडीने एकटी आली होती. पायांवर लाल धूळ, मांडीवर कापडी पिशवी. दादाने तिला बघितलं आणि तो भिंतीशी, स्वतःच्या ट्रंकेवर बसला. पूजा झाली. आरती झाली. सगळे दादाकडे बघायला लागले. तो उठला. त्याच्याआधी ती उठली.

"गाऱ्हाणा मी घालतलंय," शेवंता म्हणाली.

खोलीत कुजबुज झाली. तुळशीदास म्हणाला, "वयनी, बायल माणूस गाऱ्हाणा घालीत नाय. तुजा काय ता जयवंत सांगात."

"माजा इतकी वर्सां तेनीच सांगल्यानी."

तुळशीदास काही बोलणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "घालूंदे तिका."

तिने पिशवीतून नारळ काढून देवापुढे ठेवला. मग पिशवीत हात घालून लाकडाची एक चकती काढली, काजूच्या बुंध्याची, वाटीएवढी. तीही नारळाशेजारी ठेवली. तिचा आवाज दादासारखा नव्हता. घोगरा, बारीक, खालच्या गल्लीत कोणी थांबलं नसेल.

"बा देवा रवळनाथा."

सवयीने पाच-सहा जण बोलले, "व्हय म्हाराजा."

"माझ्या घोवान तुझ्या नावान मिल सोडल्यान."

"व्हय म्हाराजा." कमी आवाज.

"तेनी लायलेली झाडां तुझ्याच नावान तोडल्यानी."

दोन आवाज. मग तेही विरले. पोरं आपल्या बापांकडे बघत होती.

"आता माका काय नको. झाडां नको, भरपाय नको. इतक्याच माग्ना हा म्हाराजा." दादाकडे तिने बघितलं नाही. देवाकडे बघत म्हणाली, "हेच्या फुडे ह्या माणसाच्या शब्दाक कोणी व्हय म्हणा नको."

गाऱ्हाण्याला उत्तर द्यावंच लागतं. ते तसंच लोंबकळत ठेवलं तर गावावर खोट येते, असं आम्ही मानतो. पण कोण देणार? तुळशीदासाने तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षं त्याच्या मनात हेच गाऱ्हाणं होतं, आणि आता त्याला नुसतं व्हय म्हणायचं होतं, तर त्याच्याने म्हणवेना. दारात माझ्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं. मला ओरडायचं होतं, की नको, कोणी काही बोलू नका. पण गाऱ्हाण्यात नाही म्हणायची सोय नाही.

मग भिंतीकडून आवाज आला. मोठा, स्वच्छ, जुन्या वरच्या पट्टीतला.

"व्हय म्हाराजा!"

दादाचा. डोळे मिटून, हात जोडून तो उभा होता. इतकी वर्षं त्या आवाजामागून सगळी खोली बोलायची. त्या दिवशी त्याच्यामागून कोणीही बोललं नाही.